शर्टाच्या मापाने पोलकं

अल गराफा, दोहा
१५ नोव्हेंबर २०२४

चि. मधुरास विठाबाईचा आशीर्वाद. सोबत पाठीत एक धपाटाही पाठवायचा होता, पण नफिसा म्हणते तो कागदावर उतरत नाही.

ही नफिसा म्हणजे आमची खालची शेजारीण. एका मोठ्या घराचे तुकडे करून भाड्याने दिलेत इथे. वरच्या तुकड्यात तुझा बाप आणि मी, खालच्यात ही आणि हिचा नवरा रहमान. रत्नागिरीची आहे, मराठी शाळेत शिकलेली. मी तिला आधीच बजावलंय, मी बोलेन तेच लिहायचं, सुधारायचं नाही, आणि थोडं लिहून झालं की वाचून दाखवायचं. मला अक्षर येत नाही, पण मी एवढं बोलले आणि कागदावर दोनच ओळी, हे मला दिसतं. ती म्हणते, "आजी, तुम्ही श्वास घ्यायलाही थांबत नाही, मी पेन कुठे थांबवू?" हेही लिही म्हटलं.

तिला तुझं सगळं सांगितलं. तिने पेनाला टोपण लावलं. मग म्हणाली, "आजी, मला हे समजत नाही आणि समजल्याचं सोंग मी करणार नाही. पत्र लिहून देईन. फक्त फोनवर यातलं काही बोलू नका. इथे कुणाच्या कानावर गेलं तर अनंतभाईंची नोकरी जाईल." म्हणून हे पत्र तिच्या रहमानच्या बॅगेतून येतंय. तो सुट्टीवर निघालाय. पुढची पत्रंही अशीच येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हाती. मुंबईत उतरला की पेटीत टाकेल, इन्शाल्ला. बघ, मीपण शिकले.

आता मुद्द्याचं. तू बापाला ईमेलवर कसला रिपोर्ट पाठवलास? तेव्हापासून त्याचं डोकं फिरलंय. जेवताना म्हणाला, "आई, त्या औषधांनी त्याचा मेंदू झिजतोय. रक्तात दिसतंय."

"तिचा," मी म्हटलं.

"भात वाढ," तो म्हणाला.

तुला माहीत आहे तो काय काम करतो. लुसैलमध्ये इमारती उठतात, तिथे काँक्रीटचे ठोकळे यंत्रात घालून फोडायचे आणि आकडा मापात बसला नाही तर काम थांबवायचं. तसाच तो तुझा कागद घेऊन बसला आणि तुला नापास करून मोकळा झाला. म्हणतो, वर्षभर औषध बंद ठेवलं तर मी आईला पुण्याला घेऊन येतो, नाहीतर नाही. तू लहानपणी माझ्या कमरेएवढा होतास तेव्हा तुझी आई गेली. होतीस. नफिसा, होतीस लिही, तोंडातून जुनं निघतं. तेव्हापासून तुला मी वाढवलं, आणि आता तुला भेटायला मला त्याची अट ऐकावी लागते.

तेव्हा खरं काय ते लिही. खरंच झिजतंय का गं काही? मला गोड करून सांगू नकोस.

मी ठीक आहे. मलाही गेल्या महिन्यात दवाखान्यात नेलं होतं, गुडघ्यांसाठी. माझंही रक्त काढलं. मग एका बाईने हातात पेन्सिल दिली आणि म्हणाली घड्याळ काढा. मी म्हटलं, बाई, मला पेन्सिल धरायला कुणी शिकवलं नाही, घड्याळ कुठलं काढू? एक भाकरी काढून दिली, छान गोल. ती हसली नाही. इथल्या लोकांना भाकरीची किंमत नाही.

तुझी आज्जी


पुणे
८ डिसेंबर २०२४

प्रिय आज्जी,

तुझं पत्र ऑफिसात वाचलं आणि भाकरीपाशी इतक्या मोठ्याने हसले की शेजारच्या टेबलावरची मान वर झाली. मग हसू थांबलं. आज्जी, गुडघ्यांसाठी कुणी घड्याळ काढायला लावत नाही. ती तपासणी कशाची असते ते मला माहीत आहे. तू मला म्हणतेस गोड करून सांगू नकोस, मग तूही सांगू नकोस.

आधी माझं सांगते, तू विचारलंस म्हणून.

मी इथल्या एका अभ्यासात नाव दिलं आहे. डॉक्टरांना बघायचं आहे की माझ्यासारख्यांनी ही हार्मोनची औषधं घेतली की मेंदूवर काय परिणाम होतो. मेंदू उघडून बघता येत नाही, म्हणून रक्त बघतात. मेंदूतल्या पेशींमधली काही प्रथिनं अगदी थोडी रक्तात उतरतात. औषध सुरू व्हायच्या आधी माझं रक्त घेतलं होतं, एक वर्षाने पुन्हा घेतलं. त्या प्रथिनांची नावं विमानाच्या नंबरांसारखी आहेत, ती लिहीत नाही. एक वाढलं, एक उतरलं.

बाबांनी वाढलेलं बघितलं आणि ते पुरुषांच्या आकड्यांशी ताडून पाहिलं. कारण वर नाव अजून जुनंच आहे, आणि पुढे 'पुरुष' लिहिलंय. पण आज्जी, हे प्रथिन बायकांमध्ये मुळातच थोडं जास्त असतं, असं डॉक्टर म्हणाल्या. माझं वाढून तिथे पोचलंय. बायकांच्या बाजूने बघितलं तर ते साधंच आहे.

आता गोड न करता. मी डॉक्टरांना विचारलं, म्हणजे सगळं ठीक आहे ना? त्या म्हणाल्या, "बदल झाला हे मी सांगू शकते. त्याने पुढे काही भलंबुरं होईल का, हे मला माहीत नाही. अजून कुणालाच नक्की माहीत नाही, म्हणून तर तुमचं रक्त घेतोय." मला ती बाई आवडली. पण घरी आल्यावर मी किल्ली कुठे ठेवली ते आठवेना, आणि नुसत्या त्या किल्लीपायी मी जिन्यात बसून रडले. किल्ली आधीही हरवायची, तुला माहीतच आहे. पण आता प्रत्येक वेळी वाटतं, हे त्याच्यामुळे तर नाही?

बाबांना मी तो रिपोर्ट का पाठवला माहीत आहे? त्यांना वाटतं मी कुठल्या तरी भोंदूकडून गोळ्या आणते. म्हटलं, आकड्यांच्या माणसाला आकडे पाठवावेत. त्यांच्या भाषेत बोलायला गेले आणि हे होऊन बसलं.

तुझी तपासणी कशाची होती?

तुझी मधुरा

ता. क. नफिसा मावशी, तुम्हाला हे समजत नसताना तुम्ही लिहिता. समजलं म्हणणारे खूप भेटले मला, लिहून देणारं कुणी नव्हतं.


अल गराफा
१० जानेवारी २०२५

चि. मधुरास आशीर्वाद.

तुझं पत्र नफिसाने वाचून दाखवलं. ता. क. वाचताना तिने दोनदा नाक पुसलं. एसीमुळे, म्हणते. इथे सगळं एसीमुळे होतं.

तुझं शर्टाचं नि पोलक्याचं मी त्याच दिवशी अनंत्याच्या कानावर घातलं. तू तसं लिहिलं नव्हतंस, पण मला कळलं ते तसं. चहा घेत होता. मी म्हटलं, "अनंता, खांबाला जे माप लावतोस ते फरशीला लावतोस का?"

"नाही. का?"

"मग शर्टाच्या मापाने पोलकं तपासून ते बिघडलंय असं का म्हणतोस?"

त्याने कप खाली ठेवला. मग आत जाऊन दोन कागद घेऊन आला आणि टेबलावर शेजारी शेजारी मांडले. "आई, हा त्याचा. आणि हा तुझा. ही ओळ बघ."

मी म्हटलं, "मी बघते रे, पण ती ओळ माझ्याकडे बघत नाही."

नेहमी हसतो असल्यावर. हसला नाही. म्हणाला, "दोन्हीकडे एकच नाव आहे. तुझ्यात वाढलंय म्हणून तू परवा गॅस चालू ठेवून..." आणि तिथेच थांबला. बोट मात्र त्या ओळीवरून उचलेना.

तेव्हा मला कळलं बाय. तो चिडलेला नाही, घाबरलाय. त्याच्या हाती आधी माझा कागद आला, मग तुझा. बायको गेली, आई हातातून निसटतेय, आणि लेकराच्या रक्तात तीच ओळ. तू कितीही समजावलंस की कारण वेगळं आहे, आकडा वेगळा आहे, तरी त्याला ते नावच दिसतं.

तर माझं हे असं आहे. गुडघे चांगले आहेत. जातंय ते डोकं. दवाखान्यात एक मल्याळी नर्स आहे, हिंदीत नीट समजावते. ती म्हणाली, अम्मा, नवं आधी जाईल, जुनं शेवटपर्यंत राहील. अनंता म्हणाला, हे काय सांगतेस तिला? मी म्हटलं, सांगू दे, विसरायचंच आहे ना मला.

पण घरी आले आणि ते डोक्यातून जाईना. नवं आधी जाईल. मग तू आधी जाशील. मधुरा म्हणून तू मला मिळालीस त्याला दोन-तीन वर्षं झाली असतील. पियूष मला पंचवीस वर्षं मिळाला होता. म्हणजे शेवटी माझ्याकडे कोण राहील? तो राहील. आणि तू समोर येऊन बसलीस तरी मी त्यालाच हाक मारीन आणि तुझा चेहरा पडेल, आणि का पडला हेही मला कळायचं नाही.

म्हणून मी एक शक्कल काढलीय. माझी धाकटी बहीण होती, ठकू. पेरूच्या झाडावरून मला बिया मारायची. तापाने गेली, पोर होती. तिला मी मेल्यावरच विसरेन. तुला मी आजपासून ठकू म्हणते. म्हणजे तू माझ्या जुन्यात जाऊन बसशील, आणि मुलगीच राहशील. आहे की नाही डोकं अजून?

नफिसा म्हणते नाव जरा बरं निवडा. तिला ठकू आवडत नाही. तिच्या स्वतःच्या मुलीचं नाव शफा आहे.

तुझी आज्जी

(नफिसाकडून. हे मी आजींना वाचून दाखवलेलं नाही, आणि मला त्याचं वाईट वाटतं. गॅस एकदा नाही, पुष्कळदा राहिलाय. हे पत्र आज पुरं केलं, पण सुरू परवा केलं होतं. काल आजी म्हणाल्या, मधुराचं पत्र येऊन किती दिवस झाले, उत्तर लिहायला घेऊया. मी परवाचे कागद दाखवले. त्या हसून म्हणाल्या, तुझी परीक्षा घेत होते.)


पुणे
२ फेब्रुवारी २०२५

प्रिय आज्जी,

नाही. ठकू नाही.

पहिलं नाव मला कुणी विचारून ठेवलं नव्हतं. दुसरं मी निवडलं. ते घेऊन बँकेत गेले, ऑफिसात गेले, घरमालकासमोर उभी राहिले. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी म्हणालं, दुसरं काहीतरी म्हणू का, सोपं पडेल. आता तूही तेच म्हणतेस.

आणि आज्जी, मधुरा हे नाव नवं नाही. तूच सांगितलं होतंस. चिपळूणच्या घरी, मी तुला पहिल्यांदा सगळं सांगितलं त्या संध्याकाळी. तू कोकम सोलत होतीस. म्हणालीस, तू पोटात होतीस तेव्हा तुझ्या आईने ठरवून ठेवलं होतं, मुलगी झाली तर मधुरा. बाबांनी तेव्हा दोरा आणून बाळाचं दुपटंही विणायला दिलं होतं. मी ते नाव घेतलं ते तुझ्या तोंडून घेतलं. माझ्याआधीपासूनचं आहे ते, पियूषच्याही आधीचं. तुला हे आठवत नाहीये का? तू हे विसरलीस म्हणून तुला ठकू सुचली का?

लिहिल्यावर वाटतंय खोडून टाकावं. पण तू म्हणालीस गोड करू नकोस.

मला तिकडे येता येत नाही. पासपोर्टवर जुनं नाव आहे आणि जुना फोटो. तसाच घेऊन आले तर दोह्याच्या काउंटरवर मला पियूष म्हणून उभं राहावं लागेल, आणि आता चेहरा तसा राहिलेला नाही. नवा पासपोर्ट झाला तर त्यावर जे लिहिलेलं असेल ते बघून तुमच्या घरावर काय येईल, सांगता येत नाही. बाबांच्या नोकरीशी मी खेळणार नाही. म्हणजे बाबा तुला आणतील तेव्हाच भेट.

त्यांची अट मी ऐकली. औषध गेल्या आठवड्यापासून कपाटात आहे, उघडलेलं नाही. बाबांना अजून कळवलं नाही. एका वर्षात काय मोठं बिघडेल, असं मी रोज सकाळी स्वतःला म्हणते. तू मला ओळखतेस तोवर तुला भेटून तरी होईल.

मधुरा


अल गराफा
२० मार्च २०२५

मधुरे,

आशीर्वाद नंतर. आधी औषध काढ कपाटातून.

माझ्यासाठी थांबवलंस तर मी येईन पुण्याला. विमानात ते प्लास्टिकचं जेवण जेवून येईन. आणि दार कोण उघडेल? माझ्यासाठी स्वतःला गुंडाळून ठेवणारं कुणीतरी. मग मी ओळखलं काय नि न ओळखलं काय. तुला डॉक्टरांना विचारून थांबायचं असेल तर थांब, तो तुझा नि तुझ्या त्या खरं बोलणाऱ्या बाईचा विचार. माझं निमित्त करून थांबू नकोस. अनंत्याशी मी बघते. तो माझ्या पोटातून आलाय, मी त्याच्या नाही.

तुझ्या आईच्या दुपट्याचं. नफिसाने ते वाचलं तेव्हा मी हो हो म्हटलं. मान डोलवली. खोटं होतं ते. कोकम आठवतं. तू रडत होतीस ते आठवतं. मी काय बोलले ते मात्र तिथे नाही, त्या जागी कुणी ओलं बोट फिरवून पुसल्यासारखं वाटतं. तुला मी एवढी मोठी वस्तू दिली आणि मलाच ठाऊक नाही, म्हणजे दानशूरच म्हणायची मी.

तर ठकू नको म्हणालीस, बरं. नाही म्हणणार.

इथे धूळ उठलीय. खिडकीतून समोरची मशीदसुद्धा दिसत नाही. अनंता लुसैलहून येतो तेव्हा त्याच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असतात, मी म्हणते आता दिसलास माझा मुलगा. अनंता आला का गं? आणि ठकूचा ताप उतरला का? तिला पेरू देऊ नका म्हणावं, तापात बाधतात. मी सांगितलं होतं आईला, वैद्याला बोलवा, पण आमचं कोण ऐकतं. तू तिकडेच आहेस तर बघ जरा तिच्याकडे.

नफिसा का रडतेस? लिही की.

आज्जी

(नफिसाकडून. मला त्यांनी सांगितलं होतं, मी बोलेन तेच लिही. म्हणून तेही लिहिलं. ते बहिणीचं नाव तोंडात घेतल्यापासून हे सुरू झालंय. त्या बहिणीच्या मागे मागे त्या तिकडेच जातात आणि परत यायला वेळ लागतो. शक्कल उलटली. आता मी ते नाव घेत नाही आणि घेऊ देत नाही.

मधुरा, मी पुढच्या आठवड्यात रत्नागिरीला जातेय. शफाचं लग्न आहे, मग पावसाळाभर तिकडेच राहीन. रहमान लग्न आटोपून दोह्याला परत येईल, तू पत्र त्याच्याजवळ दे. पण वाचून दाखवायला इथे मराठी वाचणारं एकच माणूस उरतं. तू समजून लिही.)


पुणे
१९ एप्रिल २०२५

प्रिय आज्जी,

औषध काढलं. घेतेय. तू रागावलीस म्हणून नाही, डॉक्टरांशी बोलून. औषध किती दिवस बंद होतं ते मोजून त्या रागावल्या आणि मग रक्त घेतलं. आता यानंतरचं रक्त पुढच्या वर्षी शिमग्याच्या सुमारास. मला भीती अजून वाटते. किल्ली अजून हरवते. पण भीती वाटते म्हणून मी दुसरी कुणी होऊ शकत नाही, हे त्या कपाटाकडे रोज बघून मला कळलं.

ठकूचा ताप उतरलाय, आज्जी. पेरू दिले नाहीत.

तुला हवं ते म्हण मला. ठकू म्हण, पियूष म्हण, अगं पोरी म्हण. मी त्या पत्रात भांडले ते चुकलं असं नाही म्हणणार, पण तुझ्या तोंडून आलेल्या हाकेला मी ओ देईन, मग ती कुठलीही असो.

आता हे पुढचं बाबांना.

बाबा, नफिसा मावशी इथे नाहीत, म्हणजे हे पत्र तुम्ही वाचून दाखवताय. इथपर्यंत वाचलंत यासाठी आभार. रिपोर्टाबद्दल मी आता काही लिहीत नाही. तो तुम्ही दोन्ही बाजूंनी ताडून पाहिला असेल, तुमचं कामच ते आहे. आज्जीच्या आणि माझ्या कागदावर एकच नाव आहे हे पाहून तुम्हाला काय वाटलं असेल, ते आज्जीने मला कळवलं. मला माहीत असतं तर मी तो कागद तसा नुसता पाठवला नसता, फोन केला असता.

एकच सांगायचं आहे. माझं नाव कुठून आलं ते आज्जीला आता आठवत नाही. आई नाही. त्या दुपट्यासाठी तुम्ही आणलेला दोरा कुठला होता, कुठल्या रंगाचा, हे जगात आता फक्त तुम्हाला माहीत आहे. तुम्ही ते मला कधी सांगितलं नाहीत. सांगाच असं नाही म्हणत. पण तुम्ही एकटेच उरलात, एवढं लक्षात असू द्या.

मधुरा


अल गराफा
१६ मे २०२५

आई म्हणते, पत्र लिहायला बस. शुक्रवार आहे, तुला सुट्टी आहे. मी बसलोय. आई म्हणते, ती बोलेल तेच लिहायचं, सुधारायचं नाही.

तिने सुरुवात केली, "लिही. चि." आणि थांबली.

मी विचारलं, पुढे?

आई म्हणाली, "अरे, ती. आपली. पुण्याची." हात हलवत राहिली. "जिचं पत्र तू वाचलंस. किल्ल्या हरवणारी. तिचं नाव सांग की रे."

मी पेन धरून बसलो होतो. आई माझ्याकडे बघत होती. ती खरंच विसरली होती की मला बोलायला लावत होती, ते मला तेव्हा कळलं नाही, आणि आत्ता लिहितानाही कळत नाही. तिच्याबाबतीत हे कधीच कळत नाही. पण मी तोंडात आलेलं पहिलं नाव घेतलं असतं तर तिने ते तसंच धरलं असतं, आणि मग तिच्याकडे तेच राहिलं असतं.

मी म्हणालो, मधुरा.

"हां," आई म्हणाली. "मोठ्याने बोल, एसीत ऐकू येत नाही."

चि. मधुरास,

विठाबाईचा आशीर्वाद. हे तुझा बाप लिहितोय. याचं अक्षर नफिसापेक्षा वाईट आहे, मला न वाचताही दिसतं. ओळी खाली उतरतात. याला फूटपट्टी द्या कुणीतरी.

आम्ही येतोय. केव्हा ते हा लिहील. हा म्हणतो जूनमध्ये, काम आटोपून. मी म्हटलं जूनमध्ये मी कोण असेन माहीत नाही, लवकर काढ तिकीट. तर म्हणतो, बरं, या महिन्याच्या शेवटी. अट कुठे गेली विचारलं तर म्हणतो, कसली अट? आमच्या घराण्यातच विसरायची खोड दिसते.

मी तुला काय हाक मारीन ते मला सांगता येत नाही. काही वेडंवाकडं बोलले तर याच्याकडे बघ, हा सांगेल मला. मी याला कामाला लावलंय. मी विसरले की याने सांगायचं. त्याचं काम आहे हे, चुकलं की दाखवून द्यायचं.

माझ्यासाठी मऊ भात कर. तिखट चालेल.

आज्जी

आई दमलीय, पलंगावर टेकलीय. म्हणते, वाचून दाखव.

दोरा पिवळा होता. चिपळूणला मिळाला नाही म्हणून साताऱ्याहून आणला होता. तुझी आई म्हणाली होती, पिवळा असला की मुलगा झाला तरी चालेल, मुलगी झाली तरी.

मी वरपासून वाचायला घेतलं. 'चि. मधुरास' झालं की आई डोळे न उघडता म्हणते, पुन्हा वाच. मी पुन्हा वाचतोय.

बाबा